पोच्यापर्यंत मनुका

धाकटे, मायना-बियना राहू दे. तुझी गोष्ट तुझ्या पाठीमागेच सांगते. तोंडावर सांगितली तर मध्येच उठून भट्टी बघायला जाशील, आणि भट्टी तर कधीचीच विझली.

धाकटीचा नवरा बेकरीवाला. त्याचा सुक्या मेव्याचा केक दर आठवड्याला कॉफीहाउसला जायचा आणि त्या एका गिऱ्हाइकावर घर चालायचं. मैदा, साखर, लोणी अख्ख्या पाकिटांनी पडायचं. मोजायचा तो फक्त मेवा, आणि तोही एका ॲल्युमिनियमच्या पेल्याने. पेला कधीतरी ओट्यावरून पडलेला, त्याच्या पोटाला पोचा. "मनुका पोच्यापर्यंत, जर्दाळू त्याच्या बोटभर खाली." झाली पाककृती. वजन विचारलं की म्हणायचा, "मला काय वाण्याचं दुकान टाकायचंय?"

मग त्याला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. धाकटीने पदर खोचला. नवरा इस्पितळातून घरी परतल्यावर त्याला बरं वाटावं म्हणून तिने भट्टी झाडली, पत्रे घासले आणि पेला पत्र्याच्या कारागिराकडे नेऊन पोचा काढून आणला. लख्ख, आरशासारखा!

पहिले केक मधोमध बसले, मनुका सगळ्या तळाशी. घाबरून तिने मेवा कमी केला, तर पुढचे कोरडे ठक्क. कॉफीहाउसचा मालक म्हणाला, "बाई, हा केक की भुसा? पुढच्या खेपेला शेवटचं बघतो."

तेव्हा तिने थोरल्या बहिणीला, म्हणजे मलाच, बोलावलं. थोरली शिकलेली, तिला धीर म्हणून नाही. वजनकाटा आणि पाककृतींचं पुस्तक बगलेत मारूनच आली.

"एक कप मनुका म्हणजे दीडशे ग्रॅम. हे बघ, छापलंय."

"सैल की दाबून?"

"ते नाही दिलेलं."

"हे मुठीने दाबायचे. आणि कप केवढा? आपल्या पेल्याएवढा?"

"अगं बाई, वजन कळलं की पेला लागतोय कशाला?"

"वजनच तर कळत नाहीये, ताई! ते पोच्यात होतं."

थोरलीने पुस्तक मिटलं. काटा समोर ठेवलेल्याचं वजन सांगतो. पुसून टाकलेल्या खुणेचं कुठून सांगणार?

शेवटी पेला नवऱ्याच्या डाव्या हातात दिला. त्याचा अंगठा पेल्याच्या पोटावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पेला उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

शेवटचा केक अंदाजपंचे झाला. मालकाने एक तुकडा मोडला, चावला आणि डब्याला झाकण लावून डबा परत केला. धाकटी आता एका कारखान्यात खोकी चिकटवते.

"ताई," डबा परत आला त्या संध्याकाळी ती म्हणाली, "कारागिराला आठवत असेल का गं, पोचा कुठे होता ते? परत पाडून देईल?"

"न द्यायला काय झालं? रविवारी जाऊ दोघी."

रविवारी दुकान बंद होतं. पुढच्या रविवारी नवऱ्याला ताप चढला. त्याच्या पुढच्या रविवारी तो नव्हता. पेला अजून थोरलीच्या पिशवीत आहे, गुळगुळीत.