तिसरा चौकोन
खोडरबराचा वास आला की जे. पी. नगरमधली ती बिनखिडकीची खोली आठवते. मुलांच्या भावनिक आजारांवर संशोधन करणाऱ्या बाईंनी माझ्या मुलीला तपासताना मलाही प्रश्नावली दिली होती. ती भरल्याशिवाय मुलीचे उपचार ठरणार नव्हते. ‘घरचे मला घाबरतात’ यापुढे दोनच चौकोन होते, हो आणि नाही. मी ‘नाही’वर खूण केली, पण शेजारी बसलेली मुलगी बघत होती. “स्वल्प, म्हणजे थोडंसं घाबरतात, असा तिसरा चौकोन काढा की,” मी बाईंना म्हणालो. “अण्णा, हे दुकान नाही. इथे घासाघीस चालत नाही,” बाई म्हणाल्या. मी संतापून टेबलावर हात आपटला. मुलगी दचकून भिंतीला चिकटली. मी खूण खोडून ‘हो’वर केली. तिसरा चौकोन हवाच होता, असं मी आजही म्हणतो. फक्त घरात हळू आवाजात म्हणतो.