नाल्याच्या काठावरचे पांढरे गमबूट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय, मागून हाक… आणि शेवटी कुणीतरी म्हातारा सांगणार की ती बाई वारून वीस वर्षं झाली! मी केमिकल इंजिनिअर. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय, कारण माझा चुलतभाऊ सुधाकर हीच गोष्ट लग्नकार्यात तिखटमीठ लावून सांगत फिरतो. त्याच्या आवृत्तीत माझे पाय जमिनीपासून वीतभर वर असतात. म्हटलं, निदान खरी तरी सांगून टाकावी.

आमचं गाव आंजी मोठी, वर्ध्याजवळ. वडील, म्हणजे अण्णा, शाळामास्तर. थोडी शेतीही होती. माझ्यातला तुसडेपणा त्यांच्याकडूनच आला. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडायचे, आणि अण्णा पुढे होऊन म्हणायचे, "देवी आहे ना? मंग सतराचा पाढा म्हणून दाखवा." देवी बहुतेक सतरा चोकवर अडायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेलो. तिथे विद्यार्थी सुट्टीत मिळेल ते काम करतात. मला वाटाणे डबाबंद करायच्या कारखान्यात लावलं. इंजिनिअर होऊ घातलेला माणूस दिवसभर पट्ट्यावरून धावणाऱ्या वाटाण्यांतून काडीकचरा वेचतोय! अंगात पांढरा कोट, गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी गमबूट आणि केस पडू नयेत म्हणून डोक्यावर बायकांसारखी जाळी. घरी एवढंच कळवलं होतं की सुट्टीत काम मिळालंय. अण्णांनी परस्पर गावाला सांगून टाकलं, पोरगा प्रयोगशाळेत आहे. मीही दुरुस्त केलं नाही. सतराचा पाढा विचारणाऱ्याचा मुलगा वाटाणे निवडतोय, हे आंजीला कळून काय उपयोग?

एके दिवशी सकाळच्या पाळीत मुकादमीण माझ्या अंगावर ओरडली. मॉरीन नावाची आडवीतिडवी बाई होती. "कुठे गेला होतास? मी दोनदा येऊन गेले, तुझी जागा रिकामी!"

मी म्हटलं, "मी इथून हललोही नाही."

"मग हे काय?" तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

दोन्ही गमबूट चिखलाने माखलेले. काळा, चिकट चिखल, घोट्याच्या वरपर्यंत. कारखान्यात शिरताना बूट धुवावे लागायचे, आणि बाहेरचं आवार सगळं सिमेंटचं. माझ्यापुढे जमिनीवर वाटाण्यांचा ढीग सांडला होता, म्हणजे पट्ट्याजवळ बराच वेळ कुणी नव्हतं हे खरंच. मला मात्र आठवत होता तो फक्त एकसुरी खडखडाट… आणि हिरवा रंग. मॉरीनने मला नळीखाली उभं करून बूट धुवायला लावले, चार इंग्लिश शिव्या दिल्या, विषय संपला. उभ्या उभ्या डुलकी लागली असेल, असं मी धरून चाललो. चिखलाचं म्हणाल तर त्या भागातली जमीनही काळीच आहे. मी त्याला पुरावा मानत नाही. तुम्हीही मानू नका.

शिक्षण संपवून घरी आलो तेव्हा ऐंशी साल उजाडलं होतं. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं, आणि मी टेकतो न टेकतो तोच म्हणाली,

"तवा तू जेवला काऊन नाई रे? नाल्यावरूनच वापस गेला. एवढ्या लांबून आलता, घरी तं या लागत होतं."

"कधी?"

"कधी म्हंजे? पूर आलता तवा!"

पत्रांत असं काही कुणी कळवलं नव्हतं. मला वाटलं, आईला भ्रम झाला. पण आमचा गडी झिबल दारात उभा होता, तोही हसून म्हणाला, "भाऊ, मीनंबी पायलं ना तुमाले. ते बायासारखी जाळी काऊन घातली होती डोक्शावर?"

जाळी! मी पाण्याचा गडवा खाली ठेवला.

मग सगळं ऐकलं. त्या पावसाळ्यात एका दुपारी अण्णा, आई आणि झिबल बैलगाडीने शेतातून परत येत होते. वाटेतल्या नाल्याला जेमतेम घोटाभर पाणी होतं. वर डोंगराकडे पाऊस झाल्याचं इकडे कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी उतारावर आली, आणि पलीकडच्या काठावर मी उभा. पांढरा कोट, पांढरे गमबूट, डोक्यावर जाळी, दोन्ही हात वर. अण्णांनी कासरे ओढले, गाडी थांबली, ते खाली उतरले. तेवढ्यात वरून लोंढा आला. बाभळीचं अख्खं झाड त्यात गवतासारखं वाहून गेलं. पाणी उतरल्यावर पलीकडे कुणी नव्हतं.

पुढचा तमाशा ठरलेलाच. हिंगणीकडचे एक महाराज आपणहून घरी आले आणि "पोराला मीच पाठवलं होतं" म्हणून पाटावर बसले. अण्णांनी त्यांना सतराचा पाढा विचारला. महाराज चहाही न घेता गेले.

मी मात्र या लोकांची उलटतपासणी घेतली. आईला वेगळं विचारलं, झिबलला वेगळं. दोघांचं सांगणं जुळलं. पण तो दिवस आणि मॉरीनच्या शिव्यांचा दिवस एकच होता का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. दोन्ही त्याच पावसाळ्यातले, एवढंच. घड्याळाच्या काट्याला काटा जुळवून दाखवणारे अनुभव वाचलेत की समजा, लेखक थापा मारतोय.

उरले अण्णा. ते या विषयावर बोलतच नसत. कुणी काढला की उठून जात. मी नोकरीवर जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना ओसरीवर गाठलं.

"अण्णा, तुम्ही तरी असल्या गोष्टी मानत नाही ना?"

"नाई मानत."

"मग तुम्हाला काय दिसलं?"

त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली. मग म्हणाले, "लोक म्हणतात तू हात वर केले म्हणून मी थांबलो. साफ खोटं आहे. मले राग आला. वाटलं, हा गाढव शिक्षण सोडून पळून आला, आणि वरून हे सोंग घेऊन! तुले शिव्या द्याले मी गाडीतून खाली उतरलो."

"दिल्या?"

"भरपूर. साऱ्या नाल्याले ऐकू गेल्या असतीन."

मला हसू आवरेना. अण्णांनी अडकित्ता थांबवला आणि माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले.

"हेच," ते म्हणाले, "तिथंही तू असाच हसून राह्यला होता."

आणि उठून आत गेले.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी अजूनही नावं ठेवतो, आणि सुधाकरला तर तोंडावर खोटारडा म्हणतो. पण त्या दुपारी आंजीच्या नाल्यावर बापाच्या शिव्या खात कोण हसत होतं, असं कुणी विचारलं की मी उठून आत जातो.