सोमवारी अकराचा फोन

भोंगा नळदुरुस्ती करायचा, पण त्याचा खरा धंदा खोड्या काढण्याचा. शाळेत दहा वर्षं तो ज्याच्या बाकावर बसला तो मित्र शिंपी झाला, आणि पुढची तीस वर्षं दर सोमवारी अकराला भोंगा आवाज बदलून त्याच्या दुकानात फोन करत राहिला. कधी जिराफासाठी बंद गळ्याचा सदरा हवा असायचा, कधी तीन बाह्यांचा कोट. शिंपी पहिल्याच शब्दाला त्याला ओळखायचा, पण चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता मापं लिहून घ्यायचा. तो कोट तर त्याने शिवूनसुद्धा ठेवला. भोंगा घ्यायला आला, तेव्हा शिंप्याने एवढंच विचारलं, "तिसरा हात घरी ठेवून आलास?"

गेल्या महिन्यात भोंगा छातीत कळ येऊन गेला. त्याला पोचवून शिंप्याने दुपारी दुकान उघडलं. लोक म्हणाले, काळीज आहे की दगड!

पहिल्या सोमवारी अकराला फोन वाजला नाही. दुसऱ्या सोमवारी वाजला. बाईचा मुद्दाम चिरका केलेला आवाज होता.

"अस्वलाला सूट शिवायचाय. कापड किती लागेल?"

ती भोंग्याची बायको होती. तिला आवाज बदलणं अजिबात जमत नव्हतं. शेवटच्या शब्दाला तो फुटलाच.

'वहिनी' हा शब्द शिंप्याच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने तो गिळला, कानामागची पेन्सिल काढली आणि वही उघडली.

"आधी अस्वलाची उंची सांगा, बाई," तो म्हणाला. "सावकाश सांगा. मी लिहून घेतोय."