शांतक्काची उष्टी मिरची

आता ही फजिती कुठल्या तोंडानं सांगू? पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐकाच!

बेलूरच्या कारखान्यात मी आणि शांतक्का एकाच टेबलावर पॅकिंग करतो. जेवतोही एकाच डब्यातून. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि हिरवी मिरची. मला तिखट सोसत नाही, म्हणून शांतक्का प्रत्येक मिरचीचं टोक चावून बघायची आणि त्यातली कमी तिखट मला द्यायची. दोन वर्षं तिच्या उष्ट्या मिरच्या मी मिटक्या मारत खाल्ल्या. इतका जीव कोण लावतं हो?

एका सोमवारी ती हळूच म्हणाली, "तंगी, धाकटी बहीणच तू माझी, तुझ्यापासून काय लपवू? मला एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत, तब्येत चांगली आहे."

"मग काय झालं, अक्का!" मी ऐटीत म्हणाले. पोटात मात्र दोन वर्षांच्या मिरच्या एकदम नाचायला लागल्या!

दुसऱ्या दिवशी तिनं मिरची पुढं केली. मी म्हटलं, "आज उपवास आहे."

"याव देवरु? कुठल्या देवाचा गं?"

घ्या! आमचं बौद्धांचं घर. आमच्यात उपवास नसतात, हे तिला पक्कं ठाऊक. "मंगळवारचा," मी पुटपुटले. बुधवारी बुधवारचा. गुरुवारी तर तिनं माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी करून आणली! मी म्हटलं, "आज निर्जळी आहे." ती एकटीच जेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी रजा टाकून दवाखाना गाठला. खोकणाऱ्यांच्या मध्ये दोन तास बसल्यावर समुपदेशन करणाऱ्या ताईंकडं नंबर लागला.

"थुंकीतून एचआयव्ही होत नाही," त्या म्हणाल्या.

"अर्धी चावलेली मिरची खाल्ली तर?"

"नाही."

"फार तिखट असली तर? तोंड पोळतं, म्हणून विचारते."

"तरी नाही! एका ताटात जेवा, एका कपातून चहा प्या. रक्तातून होतो, असुरक्षित संबंधातून होतो, आईकडून बाळाला होऊ शकतो."

"पण असं का? रक्तही आतलंच, थुंकीही आतलीच!"

ताई हसल्या. "थुंकीत विषाणू असला तरी अगदी नावाला. आणि थुंकी त्याला टिकू देत नाही."

बघा, आपल्या थुंकीत एवढा दम असतो, हे मला माहीतच नव्हतं!

"आणि डास चावला तर?"

"नाही हो बाई! मागं रांग लागलीय!"

शनिवारी जेवायला बसल्याबसल्या मी सगळं खरं ओकून टाकलं. "अक्का, चुकलं माझं. उपवास-बिपवास काही नव्हता. भ्याले होते. काल दवाखान्यात विचारून आले, थुंकीतून होत नाही!"

"अय्यो! इतकी वर्षं गोळ्या मी घेते, आणि तू रजा टाकून दुसऱ्याला विचारायला गेलीस?" ती हसली, पण डोळे भरले होते. माझेही भरले. मी तिच्या डब्यात हात घालणार, एवढ्यात... आक्‌छी! पुन्हा आक्‌छी! दवाखान्यातल्या बाकाचा प्रसाद!

शांतक्कानं डबा उचलून छातीशी धरला.

"सर्दी मात्र लागते गं अशी! सरक तिकडं. मला नको बाई तुझं उष्टं!"