वाघरीबाहेरची मेंढी

मायाक्का माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, बाई, वरच्या मजल्यावर जायला जिनाच आहे ना? जिनाच आहे म्हटल्यावर तिने बॅग खाली ठेवली. एकवीस वर्षांची मुलगी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आलेली, आणि लिफ्टला भ्यायची. अनोळखी नंबरचा फोन वाजला की दचकायची. उलट लांडगा दहा हातांवर येऊन उभा राहिला होता ती हकीकत अशी सांगायची, जणू शेजारीण साखर मागायला आली होती. जनावरांचं तिला काही वाटत नसे. समोरचा माणूस तोंडावर काय बोलेल, याने मात्र तिचे हातपाय गार पडायचे. हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवूनही मुली मला उशिराच कळतात.

तिचं घर नातेपुत्याच्या पलीकडे. वडील जोतिराम, शंभरावर मेंढरं, वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन बाहेर. मायाक्का पाचवीपर्यंत कळपामागे चालली आणि मग वसतिगृहात राहून शिकली. जुळे सोलापुरात माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर ओजस नावाच्या मुलाची कंपनी आहे. मोबाइलवर खेळायचे गेम बनवतात. ओजस पुण्यात मोठ्या कंपनीत होता, तिथली नोकरी सोडून परत आला. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी त्याने तिघांना इंटर्नशिपवर घेतलं, त्यांतली एक मायाक्का. तिला राहायला जागा हवी होती, माझी मागची खोली रिकामी होती.

बाकीचे दोघे इथलेच. श्रावणी चित्रं काढायची. वडील चिंचोळी एमआयडीसीत फोरमन. हृषीकेश कोड लिहायचा. त्याचे वडील आमच्या भागातल्या देवळात पुजारी, आणि पोरगा अखंड बडबड्या. मायाक्काला तो ‘मेंढके मॅडम’ म्हणायचा. ती सुरुवातीला गप्प बसायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा जिन्यावरून तिचा आवाज आला, “तू आधी घंटा वाजव जा, आरतीची वेळ झाली.” वर हशा पिकला. मी म्हटलं, चला, पोरगी रुळली.

गेम मेंढरांचाच होता. दिवस मावळायच्या आत कळप रस्त्यापार आणायचा आणि वाघरीत कोंडायचा. वाघर म्हणजे दोरखंडाच्या जाळ्याचा गोठा, माळावर कुठेही उभा करता येतो. सगळी मेंढरं आत गेली की वाघरीचं तोंड आपोआप मिटायचं आणि खेळणारा जिंकायचा. मेंढरं कशी चालतात, कशी बिथरतात, कुणामागे जातात, ते सगळं मायाक्काने लिहिलं. वाघर आणि तिचं तोंड हृषीकेशचं. मी एकदा वर जाऊन खेळून पाहिलं. माझी सगळी मेंढरं ट्रकखाली गेली. पण ती चालत होती मात्र खरीखुरी, हे कबूल केलं पाहिजे.

सहाव्या आठवड्यात ओजसने गेममध्ये लांडगा घातला, आणि गेम बिघडला. प्रत्येक वेळी नाही, पाचांतून दोन-तीनदा. कळप आत जायचा, एक मेंढी बाहेर उभी राहायची, वाघर मिटायचीच नाही. तेव्हा कुणालाच जिंकता यायचं नाही. सगळ्यांचं मत पडलं की तोंडापाशी काहीतरी अडतंय, म्हणजे चूक हृषीकेशची. त्याने ते तोंड तीनदा पहिल्यापासून लिहिलं. बारा दिवस त्याचं तेच चाललं होतं. बडबड थांबली. डबा तसाच परत न्यायचा. ओजस वाईट मुलगा नाही, पण पैसे लावणाऱ्या पुण्याच्या लोकांना गेम दाखवायची तारीख जवळ आली होती, आणि सोमवारी तो सगळ्यांसमोर म्हणाला की दोन महिन्यांत एक फाटक बंद करता येत नसेल तर पुढे कसं व्हायचं? त्याच दिवशी त्याने हेही सांगितलं, की कॉलेज सांभाळून वर्षभर पगारी काम करायला तो हृषीकेश आणि मायाक्का यांतल्या एकाला ठेवून घेणार आहे. नाव शुक्रवारी, निरोपाच्या दिवशी. कुणाचं नाव येणार ते सांगायची गरज उरली नव्हती. मायाक्काने लगेच वडिलांना, तिच्या आण्णांना, फोन लावला. जोतिराम कुठल्याशा शेतात खतासाठी मेंढरं बसवून होते. त्यांनी तिथल्या तिथे शेतमालकाला सांगितलं, आमच्या मायाला सोलापुरात नोकरी लागली.

मंगळवारी दुपारी ती जेवायला खाली आली. ताटावर बसली आणि हात धुवायला म्हणून उठली ती न्हाणीघरात जाऊन ओकली. मी पाणी दिलं. चेहरा राखेसारखा. मला वाटलं ऊन लागलं. तशी ती म्हणाली, “बाई, ती चूक माझी हाय.”

बाहेर राहिलेल्या मेंढीकडे सगळे बारा दिवस बघत होते ते तिचे पाय कुठे अडतात म्हणून. मायाक्काने त्या दुपारी पहिल्यांदा मेंढीचं तोंड कुठे आहे ते पाहिलं. मेंढी वाघरीकडे बघतच नव्हती. लांडग्याने जिथून पिल्लू उचललं होतं, तिकडे बघत उभी होती. ते पाहिल्याबरोबर मायाक्काला आठवलं, की दुसऱ्या आठवड्यात कुणी न सांगता तिने एक ओळ लिहिली होती: पिल्लू आत गेल्याशिवाय आई आत जाणार नाही. तेव्हा लांडगा नव्हता, पिल्लू नेहमीच येऊन पोचायचं, म्हणून काही बिघडलं नव्हतं.

मी विचारलं, मग लिहिलीस तेव्हा कुणाला बोलली का नाहीस?

“मेंढी पिल्लाबिगर आत जाते व्हय, बाई? मला वाटलं, हे सगळ्यांना ठाऊक असतंय.”

शहरात राहून तिची भाषा नीट झाली होती. भ्याली की परत माळावर जायची.

मी म्हटलं, आत्ता वर जा आणि सांग. ती उठली. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेलेली मी पाहिली. मग पाय थांबले, आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. दहा मिनिटांनी वर गेली, पण कुणाला सांगितलं नाही. बुधवारी मी परत विचारलं, ती म्हणाली उद्या सांगते. गुरुवारी पोटात दुखतंय म्हणाली. मला राग आला आणि मी तिला चांगलंच झाडलं, की तिकडे त्या पोराचा जीव चाललाय, तुला पोटदुखी सुचते? ती ऐकून घेत होती, पण तिचे ओठ कापत होते, आणि मी बोलणं आवरलं. भ्यालेल्या माणसावर ओरडून त्याची भीती कमी होत नाही, हे एवढ्या वयात मला समजायला हवं होतं.

तिला नोकरी जाईल याची भीती होती, वडील तोंडघशी पडतील याची होती. आणि त्याहून मोठी होती ती हृषीकेशच्या चेहऱ्याची. तीन दिवस ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून होती. त्याने खुर्ची सरकवली तरी ती दचकायची.

शुक्रवारी चार वाजता निरोप होता. मी शेंगापोळ्या केल्या होत्या, म्हणून मलाही वर बोलावलं. ओजसच्या कंपनीत जाणाऱ्याला निरोप द्यायची एक रीत आहे. पुण्याहून आणली असावी. भाषणं नाहीत, फुलं नाहीत. सगळ्यांनी सतरंजीवर गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपण या दिवसांत काय मोडलं ते सांगायचं. मग हसायचं, खायचं आणि जायचं. एरवी मला ही रीत आवडली असती. त्या दिवशी नाही आवडली. मायाक्का माझ्या शेजारी बसली होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि तो एकसारखा हलत होता.

श्रावणीने सुरुवात केली. तिने मेंढ्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात काढले होते. मायाक्काने मेंढीला वर पुढे दात नसतात म्हटल्यावर ती पैज लावून हरली आणि एकशे चाळीस चित्रं पुन्हा काढली. सगळे हसले. मायाक्काही हसली, पण तो आवाज हसण्याचा नव्हता.

मग हृषीकेश. सतरंजीचा धागा ओढत राहिला. मग म्हणाला की वाघरीचं तोंड माझ्याकडून मोडलं आणि ते मला दुरुस्त करता आलं नाही. माझ्यामुळे सगळ्यांचा गेम अडला. मला वाटायचं मला कोड येतो. बहुतेक येत नाही. घरी बाबांना मी तसं सांगितलंय, की हे शिक्षण मी चुकीचं घेतलं. एवढं बोलून त्याने ओजसची माफी मागितली. मग श्रावणीची मागितली. मग मायाक्काकडे वळून म्हणाला, “सॉरी ग, तुझी मेंढरं चांगली होती.”

आता हसायचं कुणाला सुचेना. ओजसने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मायाक्काकडे पाहिलं. तिची पाळी होती.

ती बोलेना. मला भीती वाटायला लागली की ही आता दातांचं किंवा ट्रकचं काहीतरी सांगून सुटेल, आणि तिच्यापेक्षा मीच ते आयुष्यभर विसरणार नाही. आणि दुसरी भीती ही, की मीच बोलून बसेन. तोंडातून शब्द निघू नयेत म्हणून मी पोळीचा तुकडा तोंडात घातला.

“वाघर मोडलेली न्हाय,” मायाक्का म्हणाली. आवाज इतका बारीक होता की ओजस पुढे वाकला. “माझी मेंढी मोडलीय.”

मग तिने सगळं सांगितलं. ती ओळ, ते पिल्लू, लांडगा. सांगताना नजर सतरंजीवर. हृषीकेशने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“आज शुक्रवार आहे.”

“व्हय.”

तो उठला. पोळीला हात न लावता आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ओजस रागावला नाही. तो म्हणाला, चूक कुणाचीही होते, म्हणून तर आपण असे बसतो. पण कळल्यावर तीन दिवस शेजारी बसून गप्प राहिलीस, त्याचं मी काय करू? वर्षभरासाठी हृषीकेशला ठेवून घेतो. तिने मान हलवली. मलाही ते योग्यच वाटलं. खोटं कशाला सांगू? श्रावणीने तिला मिठी मारली आणि रडली. मायाक्काला रडू येत नव्हतं. तिचे दात वाजत होते, जून महिन्याच्या सोलापुरात.

खाली येऊन तिने बॅग भरली. साडेसहाची गाडी होती. दाराशी आली आणि थांबली. मी म्हटलं काय राहिलं? म्हणाली, “हृषीला निरोप द्यायचा राहिला.” मी म्हटलं मग जा. म्हणाली, “बाई, तुमी चला की संगं.” मी नाही म्हटलं. माझे गुडघे दुखत होते हे खरं, पण कारण ते नव्हतं.

ती गेली. या वेळी चौथ्या पायरीवर थांबली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. मला घड्याळ बघवेना. शेवटी मी गुडघे धरत वर गेले.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. हृषीकेश मशीनसमोर, मायाक्का त्याच्या मागे उभी. तो तिच्याकडे बघत नव्हता. ती ओळ त्याने शोधून काढली होती आणि पडद्याकडे बघत विचारत होता की काढू का ठेवू? सोमवारी पुण्याला दाखवायचंय. मायाक्का म्हणाली काढ, काढलीस की वाघर मिटेल. त्याने काढली. खेळून पाहिलं. लांडग्याने पिल्लू नेलं, आई सरळ वाघरीत गेली, वाघर मिटली.

“हे बरोबर नाही वाटत,” तो म्हणाला.

“न्हाईच बरोबर.”

“मग तुमच्यात अशा मेंढीचं काय करतात?”

ती सांगायला लागली. कळपात एखादं पिल्लू असतंच, ज्याची आई मेलेली असते. ते आणून तिच्यापुढे सोडायचं. आधी ती हुंगते, ढकलून देते, दोनदा-तीनदा ढकलते. माणसाने बाजूला बसून राहायचं, घाई करायची नाही. मग कधीतरी ती त्याला पाजते, आणि त्याला घेऊन आत जाते. हृषीकेशने शेजारची खुर्ची पायाने तिच्याकडे ढकलली. ती बसली, खुर्चीच्या अगदी कडेवर. त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, ढकलायचं तीनदा ठेवू या, चौथ्यांदा लोक कंटाळतील.

साडेसहाची गाडी गेली. साडेसातचीही गेली असती, मीच ओरडले. हृषीकेश जिन्यापर्यंत आला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, तिने माफी मागितलीही नाही. “अडलं तर फोन करेन,” म्हणाला. ती म्हणाली, कर. बस, एवढाच निरोप.

रिक्षातून स्टँडवर जाताना मला वाटलं, सुटली बिचारी. गाडी लागली, मी तिची बॅग उचलून दिली, तरी ती खालीच उभी.

“आता आण्णांना सांगायचंय, बाई. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. मला लई भ्या वाटतंय.”

“वाटू दे,” मी म्हटलं. “चढ आधी. कंडक्टर बघतोय.”