धाकटा भाऊ एकटा एसटीने गेला

आई गेल्यावर धाकटा भाऊ बुलढाण्याजवळच्या धाड गावी माझ्याकडे राहायला आला. पस्तिशी ओलांडलेला, धिप्पाड, बोलायला गोड. पण नवी गोष्ट डोक्यात उतरायला त्याला फार वेळ लागतो. वाचन जमलं नाही, हिशेबही नाही. गाव त्याला गतिमंद म्हणतं. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जगातल्या कुणालाच काही येत नाही, असा माझा पक्का समज. तेव्हा त्याला वेगळं नाव कशाला देऊ?

बुलढाण्यात विहारामागच्या दोन खोल्यांत त्याच्यासारख्या मोठ्या माणसांसाठी केंद्र सुरू झालं. स्वयंपाक, बाजारहाट, चारचौघांत वावरणं, असं सगळं तिथं शिकवत. मी त्याला रोज एसटीने घेऊन जाई आणि दुपारपर्यंत त्याच्या शेजारीच ठाण मांडून बसे. केंद्र चालवणाऱ्या ताई वयानं माझ्या लेकीएवढ्या. "दादा, चहा घेता?" असं त्यांनी त्याला विचारलं की मी म्हणे, "घेतो, पण साखर कमी." तो पोळी लाटायला लागला की माझे हात आपोआप पुढे. शेवटी एका दुपारी ताई हसत म्हणाल्या, "बाई, ॲडमिशन त्यांची आहे. तुमची नाही." दुसऱ्या दिवसापासून मला फाटकापर्यंतच परवानगी. वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा मी आयुष्यभर वाटत आले. भोगायची वेळ पहिल्यांदाच आली.

मग त्याला एकट्यानं प्रवास करायला शिकवायचं ठरलं. केंद्रातलं कुणीतरी आधी त्याच्या शेजारी बसून, नंतर मागच्या सीटवर बसून रोज सोबत येई. कुठल्या गाडीत चढायचं, कंडक्टरला काय सांगायचं, अडलं तर फोन कसा लावायचा, सगळं पुन्हा पुन्हा घटवून घेतलं. एकट्यानं जायचा दिवस ठरला तेव्हा ताईंनी मला दटावलं, "बाई, मागं जायचं नाही."

"छे! मी कशाला जाते?" मी म्हणाले.

त्या सकाळी मी डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळली, वर काळा चष्मा चढवला आणि स्कूटीवरच्या कॉलेजच्या पोरीसारखी नटून स्टँडवर पोचले. वय साठ. एसटी आली, तो चढला, मी मागच्या दारानं घुसायला गेले तर दार एकच, पुढचं. त्याच्या अगदी जवळून अंग चोरत शेवटच्या सीटवर जाऊन बसले. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश.

अर्ध्या वाटेत टायर बसलं. सगळे खाली उतरले. आता हा गोंधळणार, रडकुंडीला येणार आणि मी ओढणी फेडून धावणार, असं सगळं चित्र मी मनात रंगवलं. तो आधी कंडक्टरजवळ गेला. "जयभीम साहेब. आता काय करा लागते?" कंडक्टर म्हणाला, "मागून गाडी येऊन राह्यली, तिच्यात बसवतो." मग त्यानं बटणाचा फोन काढून ताईंना सांगितलं, "गाडी बिघडली. मले उशीर होईन." आणि लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

मी मात्र उन्हात बाभळीआड लपायला गेले आणि ओढणी काट्यांत अशी अडकली की मान हलेना. सोडवावी तर तोंड उघडं पडणार. तेवढ्यात दुसरी एसटी आली. लोक चढू लागले. मी तशीच बाभळीला बांधलेली.

"अक्का, चाल लवकर. जागा धरली मी." तो समोर उभा होता. शांतपणे एकेक काटा काढत होता.

"तुले कसं समजलं बे, मी हाव म्हणून?"

"स्टँडवर तूच तं वरडली, 'हळू चढ, दांडा धर!'"

मी असं ओरडल्याचं मला आजही आठवत नाही. तो म्हणतो म्हणजे ओरडलेच असणार.

त्यानं ताईंना काही सांगितलं नाही. माझ्या गालावरच्या ओरखड्यांनी सांगितलं. ताई रागावल्या नाहीत, टिंचर लावून दिलं. पुढं तो रोज एकटा जाऊ लागला. एकदा चुकून भलत्याच गाडीत बसला. विचारत विचारत परत आला आणि जेवताना ती गोष्ट त्यानं मोठ्या रंगात सांगितली. ओढणी आणि काळा चष्मा मी रात्रीच बाहेर काढून ठेवले. पण सकाळी मी दारातच थांबले.

आता केंद्रात महिन्यातून एकदा घरच्या माणसांची बैठक असते. आपल्या माणसाला बोलू कसं द्यायचं, हे तिथं आम्हाला शिकवतात. मागच्या बैठकीत एक आजोबा आपल्या नातीबद्दल सांगत होते, मध्येच त्यांना शब्द सुचेना. सगळे वाट पाहत होते. त्यांचं वाक्य मी पूर्ण केलं. चुकीचं.