मुंबई बचावली, माझी ताई गेली

'मुंबई बचावली' हे टीव्हीवर ऐकलं आणि मी कॅरम खेळायला बसलो.

त्या वेळी कोकणात, आमच्या आंजर्ल्यात माझी मोठी बहीण कोसळलेल्या छपराखाली होती.

आज ताईची पुण्यतिथी. दरवर्षी नुसता फोटो टाकतो. यंदा बोलणार आहे.

मी जहाजावर फिटर. तेव्हा ब्राझीलच्या बंदरात होतो. मेसमध्ये परदेशी न्यूज चॅनल कायम चालू.

दोन दिवस एकच. वादळ मुंबईवर येतंय. नकाशे, बाण, समुद्राकडे पाठ करून उभा रेनकोटवाला रिपोर्टर.

मग तो हसला. वादळ दक्षिणेला सरकलं म्हणे, मुंबई थोडक्यात बचावली. पुढची बातमी फुटबॉलची.

अरे, दक्षिणेला म्हणजे कुठे? तिथे माणसं राहत नाहीत?

आमच्या फिलिपिनो कुकने पाठीवर थाप मारली, "युअर होम सेफ!"

त्याचं काय चुकलं? मीच सगळ्यांना 'मुंबईचा' म्हणून सांगायचो. आंजर्लं कोणाकोणाला समजावत बसणार?

ताईला इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. तरी घरी तेच चॅनल लावायची, माझ्यासाठी. जगात कुठेही वादळ दिसलं की हिचा फोन.

"बाळ्या, ते गोल गोल फिरतंय बघ. डेकवर जाऊ नको हां!"

"अगं, ते जपानला आहे!"

"असूंदे मेल्या. स्वेटर घाल."

आणि तिच्यावर वादळ आलं तेव्हा मी कॅरमवर राणी घेत होतो.

छपराचा वासा तिच्या कमरेवर पडला. गावातल्यांनी बाहेर काढलं, पण रस्त्यावर झाडंच झाडं. फोन बंद, लाईट नाही. तिसऱ्या दिवशी खाटेवरून उचलून नेली. दापोलीचं हॉस्पिटल यायच्या आत संपलं.

मला पाचव्या दिवशी कळलं.

रत्नागिरीत माझ्या मित्राचा जेसीबी आहे. नुसती शंका जरी आली असती, तरी त्याला शिव्या घालून पहिल्याच दिवशी रस्ता मोकळा करायला पाठवला असता. पण मी निर्धास्त. म्हटलं, एवढं मोठं चॅनल, जगाची खबर ठेवतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा!

शेजारच्या सुमनकाकी तिन्ही दिवस ताईजवळ होत्या. सुट्टीवर आलो तेव्हा त्यांनी सांगितलं,

"हातातला फोन सोडलान नाही रे तिनं. म्हणायची, बाळ्याला टीव्हीवर सगळं दिसलं असेल. पाठवील तो कोणाला तरी."

ताई, दाखवलंच नाही गं त्यांनी.

मला खरंच माहीत नव्हतं.

माफ कर. पाया पडतो.